पलीकडच्या किनाऱ्यावरचा लेफ्टनंट

पौष वद्य पंचमीच्या सकाळी तिरुवैयारुत पाय ठेवायला जागा नसते. तंजावरपासून अवघ्या तेरा किलोमीटरवरचे हे लहानसे गाव. कावेरीच्या काठी संत त्यागराजांची समाधी आहे आणि तिच्यासमोर शेकडो गायक-वादक मांडीला मांडी लावून बसतात. कुणी नावाजलेले, कुणी कालपरवा शिकू लागलेले. सगळे मिळून पंचरत्न कृती गातात. बाहेर रस्त्यावर फुलांचे गजरे, फिल्टर कॉफीची दुकाने, कुंभकोणम्‌कडे जाणाऱ्या बसेस आणि मधूनच कानावर पडणारी तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत या मुलखावर भोसल्यांचे राज्य होते. त्या काळात इकडे आलेल्या घराण्यांचे वंशज आजही घरात आपली वेगळीच, तमिळ वळणाची मराठी बोलतात.

वाचकहो, अशा सुरेल गावात उभे राहून युद्धाची आठवण का यावी, असे तुम्ही विचाराल. कारण कावेरीच आहे. तिरुवैयारुवरून जाणारे हे पाणी पुढे समुद्राला मिळते आणि त्या समुद्राच्या पलीकडे जाफना आहे. कोडिक्करैच्या टोकापासून जाफन्याचा किनारा जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. नागपट्टणम जिल्हा वेगळा झाला तो १९९१ मध्ये. त्याआधी, १९८७ साली, श्रीलंकेच्या समोरचा हा किनारा तंजावर जिल्ह्यातच मोडत होता. त्या वर्षी आणि पुढची अडीच वर्षे हजारो भारतीय जवान आणि त्यांचे तरुण अधिकारी त्या पलीकडच्या किनाऱ्यावर राहिले, लढले आणि त्यांतले अकराशेहून अधिक परत आलेच नाहीत.

त्या लढाईच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. पण तिथे गेलेला एकवीस-बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट किंवा पंचविशीतला कॅप्टन सकाळी उठून काय करत होता, काय खात होता, कशाला भीत होता, हे आपल्या घराघरांत फारसे कुणाला ठाऊक नाही. आज त्याचीच गोष्ट.

आधी हार, मग गोळ्या

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची, श्रीलंकेच्या फौजेने बराकीत परतायचे आणि दोघांच्या मध्ये भारतीय सेनेने उभे राहायचे, असा बेत होता. दुसऱ्याच दिवसापासून ५४ इन्फंट्री डिव्हिजनचे जवान पलालीच्या विमानतळावर आणि कांकेसंतुरैच्या बंदरात उतरू लागले. नावच मुळी ‘शांतिसेना’. जाफन्याच्या रस्त्यांवर लोकांनी त्यांना हार घातले, ओवाळले.

तरुण अधिकाऱ्यांना वाटले, काही आठवड्यांचे काम आहे. पहिले दोन महिने तसेच गेलेही. सुरुंग काढणे, बंद पडलेले रस्ते खुले करणे, पळून गेलेल्या लोकांना घरी परतायला मदत करणे, हीच कामे होती. मग एकेक गाठ बसत गेली. सप्टेंबरअखेरीस लिट्टेचा थिलीपन उपोषणात वारला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या लिट्टेच्या पुढाऱ्यांनी पलालीत सायनाइड खाऊन जीव दिला. आणि १० ऑक्टोबर १९८७ रोजी ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. कालपर्यंत ज्यांच्याशी बोलणी चालली होती, त्यांच्याशीच आज लढाई.

तुमच्यापैकी ज्यांना ते दिवस आठवतात, त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. ९ ऑक्टोबरला मद्रासच्या चेपॉक मैदानावर आपण विश्वचषकाचा पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी अवघ्या एका धावेने हरलो होतो. सगळा देश हळहळत होता. त्याच मद्रासच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे दुसऱ्या दिवशी ही लढाई पेटली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले. एकटा जिवंत सापडला, तोही शत्रूच्या हाती.

जाफना शहर हाती यायला दोन आठवडे लागले. या लढाईत मद्रास रेजिमेंट होती, पहिली मराठा लाइट इन्फंट्री होती आणि ८ महारही होती. म्हणजे सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरे नारळी-ताडाच्या त्या लाल मातीच्या गल्ल्यांतून, दोन्ही बाजूंच्या ताडपत्रीच्या कुंपणांमधून पुढे सरकत होती. आणि त्यांच्या पुढे असे त्यांचा साहेब, वयाने बहुधा त्यांच्यातल्या निम्म्यांहून लहान.

पहाट

शहर जिंकले म्हणजे युद्ध संपले, असे झाले नाही. लिट्टेचे लोक जंगलात आणि वस्त्यांत मिसळून गेले. सेना गावोगावी लहान लहान चौक्या करून राहिली. एखादी शाळा, गोदाम किंवा मालक सोडून गेलेले घर, भोवती वाळूची पोती, काटेरी तार आणि आत शंभरेक माणसांची कंपनी. तिथून तरुण अधिकाऱ्याचा खरा दिनक्रम सुरू झाला.

उजाडायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या खंदकात बंदूक रोखून बसायचे. फौजेत याला ‘स्टँड टू’ म्हणतात. हल्ला व्हायचा तर तो याच अर्धवट उजेडात होतो, हा जुना अनुभव. उजाडले की चहा. आणि चहा संपतो न संपतो तोच दिवसातले सर्वांत जोखमीचे काम: रस्ता उघडणे.

आपल्याकडे सकाळी रस्ता झाडतात, तसा तिथे रोज सकाळी रस्ता ‘उघडावा’ लागे. रात्रीतून मोरीखाली, डांबराच्या कडेला किंवा झाडाच्या बुंध्याशी सुरुंग पुरला गेलेला असू शकतो. तो उडवायला लपलेला माणूस शे-दोनशे मीटरवर तार धरून बसलेला असतो. म्हणून दहा-बारा जवान रस्त्यावर न चालता दोन्ही बाजूंच्या शेतांतून, कुंपणांआडून पुढे जायचे. ताजी उकरलेली माती दिसते का, नको तिथे तार गेली आहे का, काल इथे असलेले दगड आज हलले आहेत का, हे डोळ्यांनीच हेरायचे. प्रत्येक मोरीशी थांबायचे. लेफ्टनंटने स्वतः वाकून पाहायचे, कारण जे काम आपण करत नाही ते जवानाला सांगता येत नाही, असा फौजेचा अलिखित कायदा आहे.

चार-पाच किलोमीटरचा रस्ता उघडायला सकाळ जाई. मग त्यावरून गाड्या जात आणि संध्याकाळी तोच रस्ता पुन्हा परका होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हातातली बंदूकही विचारात घेण्यासारखी होती. आपल्या जवानांकडे लांब, जड एसएलआर; एकेक गोळी झाडणारी. समोरच्या पोराकडे आखूड एके-४७. चाप दाबला की गोळ्यांचा पाऊस. अरुंद गल्लीत, दहा पावलांवर गाठ पडली तर या फरकाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. पुढे काही तुकड्यांना एके-४७ मिळाल्या, पण पहिल्या महिन्यांची किंमत आधीच मोजून झाली होती.

दार कुणाचे ठोठावायचे?

दुपारचे काम झडतीचे. गावाला पहाटे वेढा घालायचा, पुरुषांना देवळापुढे किंवा शाळेच्या मैदानावर बसवायचे आणि घरे तपासायची. इथे अधिकाऱ्याची खरी कसोटी लागे. गळ्यात सायनाइडची कुपी बांधलेला लिट्टेचा सैनिक आणि कांद्याच्या शेतातून आलेला शेतकरी, दोघांची लुंगी सारखी, चेहरा सारखा, भाषाही एक. बहुतेक जवानांना तमिळचा एक शब्द येत नसे. दाराशी उभी राहिलेली म्हातारी काहीतरी काकुळतीने सांगते आहे, पण ती मुलासाठी दया मागते आहे की पुढच्या खोलीतल्या सुरुंगाबद्दल सावध करते आहे, हे कळायला मार्ग नाही.

तिरुवैयारुत फिरताना हे फार जाणवते. इथल्या घरांपुढच्या रांगोळ्या, दारातली केळ, देवळातला नादस्वर हे सारे जाफन्यातही होते. तंजावर भागातले नादस्वरवादक पिढ्यान्‌पिढ्या जाफन्याच्या देवळांत वाजवायला जात आले. कर्नाटक संगीताचे वेड तिथेही असेच. ज्या परतीच्या पावसावर कावेरीकाठची भातशेती उभी असते, तोच पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाफन्यातही कोसळतो. मद्रासच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडून थेट तिकडे गेलेल्या लेफ्टनंटला देश परका वाटत नसेल. ज्या माणसांमध्ये आपण कालच वावरलो, तशाच माणसांच्या दारावर आज बंदुकीचा दस्ता आपटायचा, हे मात्र त्याला जड गेल्याशिवाय राहिले नसेल.

आणि हेही लपवून चालणार नाही की या लढाईत सामान्य तमिळ माणूस भरडला गेला. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठांवर माणसे मारली गेली. तिथल्या लोकांनी त्याचा दोष आपल्या सेनेला दिला आणि ती जखम आजही तिथे ओली आहे. सुरुंगाने चार सोबती उडालेले पाहिल्यावर उरलेल्या जवानांना आवरणे, त्यांचा राग समोरच्या पहिल्या घरावर निघू न देणे, हेही त्या बावीस वर्षांच्या पोराचेच काम होते. काहींना ते जमले, काहींना नाही. त्याचे पदक कुणाला मिळत नाही. पण कंपनीचा साहेब चांगला की वाईट, हे जवान त्यावरूनच ठरवत.

शिधा आणायला गेलेला राजीव

या रोजच्या जगण्यात युद्ध कसे भिनले होते, हे समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे आहे.

चंदीगडचा राजीव संधू. मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून मार्च १९८८ मध्ये सेकंड लेफ्टनंट होऊन बाहेर पडला. ७ आसाम रेजिमेंटमध्ये नेमणूक झाली आणि पलटणीबरोबर तो श्रीलंकेत गेला. वय एकवीस. १९ जुलै १९८८ रोजी त्याला काम मिळाले ते कसले? शेजारच्या मद्रास रेजिमेंटच्या ठाण्यावरून कोरडा शिधा आणायचा. पीठ, डाळ, तांदूळ. आपल्या घरातला मुलगा पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात जातो, तसेच हे काम.

वाटेत दबा धरून बसलेल्यांनी त्याच्या गाडीवर रॉकेट डागले. राजीवच्या पायांच्या चिंध्या झाल्या. तशा स्थितीत तो गाडीतून सरपटत बाहेर आला. हत्यारे लुटायला पुढे आलेल्या अतिरेक्याला त्याने आपल्या कार्बाइनने टिपले आणि शुद्ध हरपेपर्यंत गोळ्या झाडत राहिला. त्या दिवशी शत्रूच्या हाती हत्यारे लागली नाहीत. राजीव मात्र वाचला नाही. अधिकारी होऊन त्याला पुरते पाच महिनेही झाले नव्हते. त्याला मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

चौकीवर संध्याकाळी शिजणाऱ्या डाळ-भाताचे मोल त्या वर्षांत असे होते.

मुंबईचे ‘परी साहेब’

आपल्या मुंबईकरांना एक नाव मात्र ठाऊक असायलाच हवे. मेजर रामस्वामी परमेश्वरन. १९४६ साली मुंबईत जन्मलेले, एस.आय.ई.एस.च्या शाळेत आणि कॉलेजात शिकलेले. घरची भाषा तमिळ. १९७२ साली ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. तमिळ घरातला मुंबईकर, महार रेजिमेंटचा अधिकारी आणि लढायला जाफन्यात! जवान त्यांना लाडाने ‘परी साहेब’ म्हणत.

वय एक्केचाळीस, म्हणजे या लेखातल्या पोरसवदा अधिकाऱ्यांचे ते वडीलभाऊच. तरुण लेफ्टनंट ज्याच्याकडे पाहून शिकतात, असा कंपनी कमांडर. २४ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री एका गावात शस्त्रे उतरवल्याची खबर आली. ८ महारच्या तुकड्या झडतीला गेल्या. झडती आटोपून २५ तारखेला परतताना अंधारात त्यांच्यावर हल्ला झाला. परमेश्वरन घाबरून आडोशाला बसले नाहीत. थोडी माणसे घेऊन त्यांनी वळसा घातला आणि हल्लेखोरांच्या पाठीवरच येऊन धडकले. हातघाईची लढाई जुंपली. एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी घातली. परमेश्वरन यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले.

२६ जानेवारी १९८८ रोजी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. श्रीलंकेतल्या मोहिमेतले हे एकमेव परमवीर चक्र. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.

रविवार सकाळ, घरी आणि तिकडे

दिवसाचा शेवट पत्राने होई. कंदिलाच्या उजेडात, पोत्यांच्या भिंतीला टेकून. कुठे आहोत ते लिहायचे नाही, काय झाले ते लिहायचे नाही. मग उरते काय? ‘मी मजेत आहे, इथे नारळ पुष्कळ, पाऊस फार, काळजी करू नका.’ अशा अर्थाच्या पत्रांवर इकडच्या आया महिने काढत. मोबाइल नव्हते. घरी फोन असला तरी तिकडून लागत नसे. दारात तारवाला उभा राहिला की काळजात धस्स होई.

आणि काय योग पाहा! जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागत होते. रस्ते ओस पडत, लोक टीव्हीला हार घालत. पडद्यावरची वानरसेना सेतू बांधून लंकेत उतरली, तेव्हा खऱ्या लंकेत आपले हजारो जवान होते. त्या तासाला कुठल्या तरी चौकीवर एखादा लेफ्टनंट मोरीखाली वाकून तार शोधत असेल, हे टीव्हीसमोर हात जोडून बसलेल्या घरात एखाद्या आईखेरीज कुणाच्या मनात आले असेल?

अधिकाऱ्याच्या वाट्याला आणखी एक लिहिणे असे. आपला जवान गेला की त्याच्या घरी पत्र लिहायचे.  त्याच्या पत्नीला, आईला काय सांगायचे? तो कसा गेला, हे खरे सांगायचे की सोसेल तेवढेच? चोविशीतल्या कॅप्टनला हे कुठल्याही अकादमीत शिकवलेले नसते.

जखमींना विमानाने मद्रासला आणत. सुरुंगाने पाय गेलेल्या जवानांसाठी पुढचा मुक्काम म्हणजे पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली सुरू झालेली ही संस्था. वानवडीच्या त्या आवारात नव्या पायावर पहिले पाऊल टाकायला शिकणाऱ्या जवानाला पाहिले की लढाईच्या आकड्यांचा अर्थ कळतो. श्रीलंकेत जखमी झालेल्यांची संख्या तीन हजारांच्या घरात होती.

परतल्यावर

१९८९ मध्ये श्रीलंकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, सेनेला परत जायला सांगितले. आपल्याकडेही सरकार बदलले. २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. बोटी मद्रासला लागल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. तमिळनाडूतल्या पुष्कळांच्या मनात या सेनेबद्दल राग होता आणि त्यांच्या बाजूने त्याला कारणेही होती. पण जिना उतरणाऱ्या पंचविशीतल्या कॅप्टनला ती कारणे कोण सांगणार? जाताना पलीकडच्या किनाऱ्यावर हार मिळाले होते. येताना आपल्याच किनाऱ्यावर ते नव्हते.

पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ रोजी, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. लिट्टेचा शेवट झाला तो २००९ च्या मे महिन्यात. कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुर कोट्टे येथे श्रीलंका सरकारने शांतिसेनेचे स्मारक उभारले आहे. त्यावर आपल्या हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले ते २०१९ मध्ये. म्हणजे ज्या भूमीवर ते लढले, तिथले स्मारक आधी झाले आणि दिल्लीतले राष्ट्रीय स्मारक नंतर.

त्या वेळचे सेकंड लेफ्टनंट आज साठीच्या आसपास आहेत. कुणी पुण्यात, कुणी नाशिकला, कुणी बेळगावात निवृत्त आयुष्य काढतो आहे. तुमच्या सोसायटीतही असतील. कारगिलबद्दल त्यांना कुणीही विचारतो, जाफन्याबद्दल क्वचितच. विचारून पाहा एकदा. लढाईच्या मोठ्या गोष्टी कदाचित ते सांगणार नाहीत. पहाटेची मोरी, ताडपत्रीचे कुंपण, शिध्याची गाडी आणि दाराशी काहीतरी सांगू पाहणारी म्हातारी यांच्याबद्दल मात्र बोलतील. युद्ध त्यांनी त्यातच काढले आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात नागपट्टणमहून कांकेसंतुरैला प्रवासी बोट सुरू झाली. ज्या बंदरात १९८७ साली आपले जवान उतरले होते, तेच हे बंदर. तिकीट काढावे, काही तासांत पलीकडे उतरावे, नल्लूरच्या कंदस्वामीचे दर्शन घ्यावे, असे हे सोपे अंतर.

तिरुवैयारुत दुपारनंतर गर्दी ओसरते. घाटावर बायका भांडी विसळत असतात, पोरे पाण्यात उड्या मारतात. कावेरी संथपणे पूर्वेकडे जाते. त्या दिशेला समुद्र आहे आणि समुद्रापलीकडच्या एका रस्त्यावर चंदीगडचा एक मुलगा शिधा आणायला गेला होता. त्याची आठवण ठेवायला आपल्याला बोटीचे तिकीटही काढावे लागत नाही.